काचेवरचं कुंकू

फैयाज मन्यारच्या अंगात घाई म्हणून नव्हती. वडील आठवडी बाजारात बायकांना बांगड्या भरायचे, त्यामुळे काच आणि घाई यांचं जमत नाही हे त्याला लहानपणीच कळलं होतं. चहासुद्धा तो असा प्यायचा की समोरच्याचा जीव जावा. आसारामशेठनी श्रीरामपूरच्या आपल्या कारखान्यात लेसरचं मशीन आणलं आणि ते या संथ माणसाच्या हाती दिलं, ते काही उगाच नाही.

मशीनची गंमत अशी, की त्याचा प्रकाश स्वच्छ काचेला न दुखवता तिच्यातून जातो. आत जिथे सगळे किरण एका टोकाला मिळतात, तिथेच काच मोडते आणि मोहरीहून कितीतरी बारीक ठिपका उठतो. सेकंदाचे अब्ज तुकडे करा, त्यातल्या एकाचे पुन्हा हजार करा. अशा दोन-चार कणांत एक फटका उरकतो. उष्णतेला शेजारी पसरायला सवडच मिळत नाही, म्हणून काचेचा ठोकळा तडकत नाही. असे ठिपके जोडत फैयाज शिर्डीच्या दुकानांसाठी काचेच्या पोटात देवळं आणि चेहरे उभे करायचा.

यंदा चेहरा शेठचाच होता. ते उन्हाळ्यात गेले. त्यांनी स्वतः घासून चकचकीत केलेला एक ठोकळा कपाटात होता, आणि पुष्पावतीकाकूंना नवऱ्याचा चेहरा त्याच ठोकळ्यात हवा होता. तसा दुसरा नव्हता.

खंडेनवमीला कारखान्यात पूजा झाली. विधवेनं कशाला पुढं व्हायचं, अशी भावकी कुजबुजत असताना काकू पुढे झाल्या आणि त्यांनी मशीनला, मग ठोकळ्याला, कुंकू लावलं. फैयाजला तेव्हा त्यांचा अभिमान वाटला होता. दसरा उलटल्यावर तो कामाला बसला, तेव्हा ठोकळ्यावर ते लाल बोट तसंच होतं.

पुसायला हवं होतं. पण शेठच्या ठोकळ्यावर काकूंनी लावलेलं कुंकू, आणि ते आपण पुसायचं? छे! त्यानं पळवाट काढली. मशीनवर चेहऱ्याची जागा थोडी बाजूला सरकवली, कुंकवाखाली येणार नाही अशी. इथेच गडी चुकला. प्रकाश वरून नरसाळ्यासारखा उतरतो; टोक जितकं खोल, तितकं वरचं तोंड रुंद. आणि काम तर तळापासून वर करायचं असतं, नाहीतर वरचे ठिपके खालच्यांच्या वाटेत येतात.

काकू खुर्ची ओढून बसल्या. मशीन सुरू झालं. तळाशी खांद्याची रेघ उमटू लागली आणि वर 'चट्' असा आवाज झाला. कुंकवाच्या कडेला ठिणगी, मग करपल्याचा वास. फैयाजनं झडप घालून मशीन बंद केलं.

त्यानं भिंगातून पाहिलं. नरसाळ्याच्या रुंद तोंडाची कड कुंकवाला लागली होती; कुंकवानं प्रकाश गिळला होता आणि खाली काचेला बारीक खड्डा पडला होता. आणखी असे फटके बसले, की तिथून तडा सुटणार आणि शेठचा ठोकळा जाणार.

"काय झालं रं?" काकूंनी विचारलं.

त्याच्या मनात आलं, मशीन बिघडलंय म्हणून वेळ मारून न्यावी. काकू घरी गेल्या की गुपचूप पुसता येईल. हा विचार आला आणि त्याची त्यालाच लाज वाटली.

"काकू, कुंकवामुळं काच जळतीया. आसंच चालवलं तर ठोकळा फुटंल."

"मग?"

"पुसावं लागंल. तुमाला इचारल्याबिगर माज्यानं न्हाई हुनार ते. चूक माजीच हाय, आदीच सांगायला पायजे हुतं."

काकू उठून ठोकळ्यापाशी आल्या. त्यांचा जबडा असा आवळला गेला की फैयाजला वाटलं, संपलं, उद्यापासून आपण इथले नाही.

"ह्ये गेले त्या दिवशी बायांनी माजं पुसलं," त्या म्हणाल्या. "एकीनंबी इचारलं न्हाई. तू इचारलंस."

त्यांनी मशीनजवळचा मऊ कपडा उचलून त्याच्या हातात दिला.

"पूस बाबा."

फैयाजनं पुसलं. तो खड्डा मात्र राहिला, तो आता कायमचाच. काकूंनी वाकून तो पाहिला आणि त्या पुन्हा खुर्चीत बसल्या.

"कर सुरू," त्या म्हणाल्या. "मला ह्यांचं तोंड बगू दे."