टोपलीखालचा बिवळा

चांदीप गावच्या जयवंतीने जन्मात कुणावर भरवसा ठेवला असेल तर तो आपल्या विळ्यावर, आणि त्याचीही धार ती रोज सकाळी अंगठ्याने तपासून बघते. दोडका घेतला की भाजीवालीच्या समोरच टोक मोडून चाखायची. लग्नपत्रिकेत मुहूर्त बारा पस्तीसचा दिसला की विचारायची, "वरची पाच मिन्टं कोनाच्या सोयीची?" नवरा आत्माराम चाळीस वर्षं संसार करूनही अजून तपासणीतच आहे. त्याला साखरेचा आजार. तो कुणाच्या ओटीवरून उठून आला की ही त्याच्या तोंडाचा वास घेते. बाकीच्या बायका दारूसाठी घेतात, ही गोड चहासाठी.

गावामागच्या टेकडीचं गवत सासऱ्याच्या आधीपासून तिच्या घराकडे. टेकडी गावाच्या गुरचरणाची, कागदावर जयवंतीचं नाव कुठे नाही. पण दिवाळी सरली की कापणाऱ्यांची टोळी ती बोलावते, पहिला नारळ ती फोडते, आणि तबेल्यांकडे जाणारा गवताचा ट्रक तिच्याच दारातून सुटतो. पलीकडची टेकडी कशी गेली हे तिने डोळ्यांनी पाहिलेलं. आधी लाल चिंध्या बांधलेल्या खुंट्या आल्या, मग चुना, मग कुंपण, आणि शेवटी खुर्चीवर बसलेला वॉचमन. त्याने तिला, जिचा जन्म त्या वाटेवर गेला तिला, विचारलं, "किधर जाना है?" त्या दिवशी ती जी घरी परतली ती आपल्या टेकडीकडे डोळा ठेवूनच.

म्हणून आषाढात एक टोपीवाला म्हातारा स्कूटरवरून आला आणि गोणी खांद्यावर टाकून टेकडी चढू लागला, तेव्हा जयवंतीने हातातलं काम टाकलं. ती कुंभ्याच्या झाडाआड बसून राहिली. गोणी भरलेली गेली, रिकामी आली. असं तीन मंगळवार. चौथ्या मंगळवारी वर जाऊन बघते तर काय, जागोजाग बांबूच्या काठ्या, आणि प्रत्येकीला लाल चिंधी!

"अवं, खुंट्या आल्या!" ती धापा टाकत घरी आली.

आत्माराम म्हणाला, "अगं, ते गिरीज गावचे सॅन्टन मास्तर. शाळेत शिकवायचे. झाडं लावतात रानात. आपली पोरगी सांगत होती ना मनवेलपाड्याहून फोनवर, व्हिडिओ येतो त्यांचा."

"मास्तर? रिटायर झालेला मानूस उगाच एवढी टेकडी चढंल? आधी झाड लावायचं, मग झाडाची सावली, मग सावलीत बाकडं, मग बाकड्याभोवती कंपाउंड. तुमाला कलायचं नाय."

प्रत्येक काठीच्या बुडाशी वीतभर रोप होतं खरं. पण खरंच झाड आहे की नुसतं दाखवायला खोचलंय? तपासायला नको? जयवंतीने एक रोप मातीच्या गड्ड्यासकट उचललं, घरी आणलं, गोठ्यामागे रोवलं आणि वर कोंबड्या डालायची टोपली पालथी घातली. शेजारीण फ्लॉसीने एकदा दूध न्यायला आल्यावर विचारलं, तर जयवंती म्हणाली, "कोंबडी बसलीय अंड्यांवर." फ्लॉसीने पुढे महिनाभर पिल्लांची चौकशी केली. शेवटी जयवंतीने अंडी नासली म्हणून सांगितलं.

पावसाळाभर तिने मास्तरांवर पहारा ठेवला. कुठल्या खडकापाशी वाकला, कुठल्या वारुळामागे अर्धा तास बसला, सगळं पाठ. एकदा तर तो टेकडीवरच्या म्हाताऱ्या बिवळ्याखाली काहीतरी वेचून पिशवीत भरताना दिसला. त्या बिवळ्याची साल साखरेचा आजार असलेल्यांनी औषध म्हणून आधीच बोटं पोचतील तिथवर सोलून नेलेली. "साल गेली, आता हा मुलावर उठला!" जयवंती मनात म्हणाली.

दिवाळी झाली. गवत कमरेला लागलं, पिवळं पडलं. टोळी यायला चार दिवस उरले तेव्हा तिने एका दुपारी टेकडीवरच्या सगळ्या काठ्या उपटल्या, मोळी बांधली आणि चुलीला लावायला आणली. रोपांना हात लावला नाही. विळा लावेल की!

टोळी यायच्या आदल्या सकाळी मास्तर आले. वर गेले आणि अर्ध्या तासात उतरले. तोंड पांढरं. जयवंतीच्या अंगणात येऊन ओटीवर मटकन बसले.

"वहिनी, पाणी द्या. माझ्या काठ्या नेल्या हो कुणी."

"कोन नेनार?" जयवंतीने तांब्या पुढे केला. अंगणातल्या चुलीशेजारच्या मोळीला तिने पदरानेच जमेल तेवढा आडोसा केला.

"उद्या कापणी ना? विळा सरसकट फिरणार. एकसष्ट रोपं आहेत त्या गवतात. मलाच दिसेनात, कापणाऱ्यांना काय दिसणार?"

"कसली रोपं?"

"बिवळा. तुमच्याच टेकडीवरच्या म्हाताऱ्याचं बी. पापडासारखं असतं ना गोल, ते वेचून नेलं. शंभर पेरावं तर वीस उगवतं. दोन वर्षं माझ्या केळीच्या बागेत सांभाळली, इकडे आणली. तो म्हातारा एक-दोन वर्षांचा सोबती आहे, वहिनी. तो पडला की या डोंगरात बिवळा नाही."

"आनि त्या लाल चिंध्या?"

"भावाचे बँडचे लाल डगले फाडले. लग्नात वाजवायचा. गेला तो. म्हटलं, कशाला तरी कामी येतील."

जयवंतीने त्यांना नीट न्याहाळलं. खोटं बोलणारा माणूस पाणी प्यायल्यावर मिशी पुसतो, असा तिचा सिद्धान्त. मास्तरांनी मिशी पुसली नाही. पण तेवढ्याने ऐकेल ती जयवंती कसली!

"मला का नाय विचारलं?"

"सरपंचांना विचारलं होतं."

"सरपंच गवत कापतो?"

मास्तरांनी तांब्या खाली ठेवला. आत्माराम आतून म्हणाला, "अगं, मोळी दाखव आता त्यांना."

"तुमी गप बसा!" ती ओरडली, आणि ओरडताना तिची नजर आत फळीवर गेली. तिथे आत्मारामचा पेला होता, बिवळ्याच्या लाकडाचा, सासऱ्याच्या वेळचा. रात्री पाणी घालून ठेवायचं, सकाळी प्यायचं, साखर उतरते म्हणतात. तडकलेला होता. नवा कुठून आणणार होती?

दुसऱ्या दिवशी टोळीच्या पुढे जयवंती. खांद्यावर जुनी हिरवी साडी, टरटरा फाडलेली. "खडकापासनं बारा पावलं, हे एक. वारुलाच्या मागं दोन. इथं मास्तर घसरून पडला होता, इथं एक." प्रत्येक रोपाशेजारी नवी काठी, काठीला हिरवी चिंधी. लाल तिने मुळीच बांधू दिली नाही. उद्या कुणी खुंट्या समजून उपटल्या तर! कापणारे रोपं सोडून वळसे घालत गेले. मास्तर मागून मोजत होते.

"साठ. वहिनी, एक कमी आहे."

"तुमीच मोजायला चुकला असाल. मास्तर लोकांचं गनित आमी बघितलंय."

दुपारी मास्तर चहाला थांबले. गोठ्यामागे हात धुवायला गेले ते बराच वेळ परत आले नाहीत. जयवंती धावत गेली. टोपलीच्या फटींतून पानं चहूबाजूंनी बाहेर आली होती. टेकडीवरचं एकही रोप याच्या गुडघ्यालाही लागलं नसतं.

मास्तर म्हणाले, "शेणखत घातलंत वाटतं."

"कोंबडी बसलीय," जयवंती म्हणाली.

"चांगली वाढलीय कोंबडी. पण टोपली काढा आता. मान वाकडी होईल तिची."

मास्तर चहा पिऊन निघाले. जयवंतीने टोपली काढली, भोवती काट्यांचं दुहेरी कुंपण केलं, आणि स्कूटर वळणापार दिसेनाशी होईपर्यंत दारातच उभी राहिली. मास्तरांची गोणी जाताना रिकामीच होती, पण म्हातारा परत फिरला तर?