आईच्या अर्ध्या रोलमध्ये मावशी

ढाणकीला गेले ते मावशीला भेटायला. दुसऱ्या दिवशी तिला हृदयाच्या ऑपरेशनसाठी नागपूरला नेणार होते. यवतमाळहून सकाळची उमरखेडची एसटी धरली. बायकांना अर्धं तिकीट, आर्णीच्या स्टँडवर गरम आलूबोंडा, उमरखेडला बस बदलायची. तुम्हीही हिवाळ्यातच जा, दोन्ही बाजूंना फुटलेला कापूस दिसतो. माझं लक्ष मात्र मांडीवरच्या पिशवीत होतं.

पिशवीत माझा जुना फिल्म कॅमेरा आणि अर्धा वापरलेला रोल होता. चोवीसपैकी चौदा फोटो आईचे, ती जाण्याच्या महिनाभर आधीचे. तेव्हा ऑफिसच्या कार्यक्रमासाठी दुसरा रोल घालायचा म्हणून मी तो गुंडाळून काढला आणि डबीवर १४ लिहिलं. पुढे धुवायला द्यायचा धीर झाला नाही. घरी ठेवायचीही भीती, म्हणून सोबत.

मावशीकडे भाकर आणि तुरीच्या सोल्यांची भाजी होती. जेवताना रोलचं बोलून गेले, तशी ती हात धुवून समोर येऊन बसली.

"माह्या बहिणीच्या रोलात मलेबी घे."

मी समजावलं. रोल पुन्हा घातला की भिंग झाकून आधीचे चौदा रिकामे दाबत पुढे जावं लागतं. कमी दाबले तर आईच्या फोटोवरच मावशीचा फोटो येईल. मोबाइलवर काढते म्हटलं. तिने सगळं ऐकलं.

"मले भेव लागून राह्यलं," ती म्हणाली. "उद्याचं काय सांगावं?"

नाही म्हणता येईना. कापसाच्या खोलीत दार लावून बसले, रोल घातला, कॅमेऱ्यावर घोंगडं टाकलं. कॅमेऱ्यावरचा आकडा कधीचाच बंद पडलेला, म्हणून तोंडाने मोजत होते. बाहेरून मावशीने विचारलं, झालं काय? नाही म्हटलं आणि मोजणी चुकली. नऊ की अकरा? परत गुंडाळावं तर रोलचं टोक डबीत आत जाणार, मग तो पुन्हा घालता येणार नाही. नऊ धरून सोळापर्यंत गेले, वर आणखी तीन दाबले.

अंगणात मावशी ताठ बसली, मुठी आवळून. पाच फोटो काढले, पाचही तसेच. मग मी सांगितलं, की आई प्रत्येक फोटोच्या आधी मला रागवत होती. मावशी खळखळून हसली. मी रोल पुढे सरकवायचा खटका ओढला, तो हलेना. रोल संपला होता. कॅमेरा तसाच डोळ्याला धरून ठेवला.

घरी येऊन रोल कुरिअरने पाठवला. तो येईपर्यंत धड जेवण गेलं नाही. आईचे चौदाही सुखरूप आले, मग पाच कोऱ्या चौकटी, मग घाबरलेली मावशी पाच वेळा. आईसाठी भ्याले त्याचं वाईट वाटत नाही. त्या पाच कोऱ्यांचं वाटतं.

मावशी आता घरी आली आहे, टाके सुकत आहेत. फोनवर तिला खरं सांगितलं, तू हसलीस तेव्हा रोल संपला होता.

"समजलं होतं मले," ती म्हणाली. "पन तू डोया लावून पाहून राह्यली होती, म्हणून हसत राह्यली."