सोमवारचा काटा

तंजावरकडच्या मराठी घरातला राघोत्तम मद्रासच्या एका कर्करोग रुग्णालयात नऊ वर्षं हंगामी तंत्रज्ञ होता. काम नाजूक. उंदराच्या गाठीत केसाएवढी प्लॅटिनमची तार घालायची, औषध टोचायचं आणि यंत्राच्या काट्याकडे डोळे लावून बसायचं. काटा चढला, की गाठीत प्राणवायू वाढला. प्राणवायू वाढला, की किरणोपचार जास्त लागू पडणार, असं शास्त्र सांगत होतं.

शास्त्र डॉक्टर वसंतरावांकडे होतं. ते मूळ पुण्याचे, शिकले विलायतेत; रोजचा दीड तास अशुभ धरणाऱ्या राहुकाळासारख्या भाकड समजुतींची भर सभेत टर उडवत. पण पाच वर्षं मद्रासचं पाणी प्यायलेले. माझा विश्वास नाही, पण औषध परदेशातून आलेलं, उगाच कशाला, असं म्हणून त्यांनी नियम केला: राहुकाळात औषध टोचायचं नाही, त्या वेळात तुलनेच्या उंदरांना नुसतं मिठाचं पाणी टोचून घ्यायचं. राघोत्तमलाही ते रास्तच वाटलं. प्रयोग सोमवारी असे, आणि सोमवारचा राहुकाळ सकाळी साडेसात ते नऊ; म्हणून मिठाचं पाणी सकाळी, औषध दुपारी.

मिठाच्या पाण्याने काटा हलेना, औषधाने दर सोमवारी चढे. साहेब हरखले. निबंध तयार झाला, वॉर्डातल्या बायकांना औषध द्यायचा दिवस ठरला, आणि राघोत्तमला कायम करण्याचं शिफारसपत्रही टाइप होऊन सहीसाठी मेजावर आलं. घरी बायकोने, कनकाने, लगेच पायसम करून टाकलं.

पोंगलच्या सुटीमुळे एक प्रयोग बुधवारवर गेला. बुधवारी राहुकाळ भर दुपारी बाराला. औषध सकाळच्या गारव्यात टोचलं, काटा ढिम्म. बाराला पत्र्याच्या छपराखाली उंदीर, तार आणि राघोत्तम सगळेच तापलेले असताना मिठाचं पाणी टोचलं, आणि काटा सरसर वर.

म्हणजे काटा औषधाने नाही, दुपारच्या उन्हाने चढत होता की काय? पुढच्या सोमवारी त्याने कुणाला न विचारता दोन्ही एकाच वेळी, दुपारी टोचली आणि आलेख काढला. दाखवला तर कायमची नोकरी गेली. न दाखवला तर त्या बायका नुसत्या आशेवर सुया टोचून घेणार. दोन दिवस तो आलेख त्याने खिशात बाळगला, आणि त्या दोन दिवसांची त्याला मनापासून शरम वाटली.

वसंतरावांनी कागद आधी आडवा धरला, मग उभा. दोन रेघा एकमेकींना चिकटून वर गेल्या होत्या.

"यातलं औषध कोणतं?"

"आता मलाबी कळेना, सार."

साहेबांनी सही न झालेलं शिफारसपत्र खणात सरकवलं. औषध वॉर्डात गेलं नाही, आणि ते पत्रही खणातून कधी बाहेर आलं नाही.