अल्पशा आजाराने नव्हे

नाना बिडी ओढायचे आणि तंबाखूविषयीची कोणतीही बातमी एकट्याने तपासायचे नाहीत. धुळ्याच्या आमच्या आवृत्तीत ते वृत्तसंपादक होते. बाकी सगळ्या मजकुरावर त्यांचा शब्द शेवटचा असे. पण बिडी, सिगारेट, गुटखा यांपैकी काहीही कॉपीत दिसलं की ती कॉपी ते मुद्रितशोधन करणाऱ्या अक्कांच्या टेबलावर सरकवत.

"अक्का, तुम्ही वाचा. मी ओढणारा माणूस. माझा हात कुठे सैल पडला तर सांगा."

अक्का मान वर न करता म्हणायच्या, "हाताचं राहू द्या नाना, आधी खोकल्याचं बघा."

नाना हसत, हसता हसता खोकत आणि कचेरीमागच्या कडुनिंबाखाली जाऊन पुढची बिडी पेटवत.

त्यांची दुसरी सवय नव्या वार्ताहरांना जास्त जड जाई. कॉपी त्यांना उभ्याने वाचून दाखवावी लागे. ते डोळे मिटून ऐकत. ‘नागरिकांतून मागणी होत आहे’ किंवा ‘तीव्र प्रतिक्रिया उमटत आहेत’ असं वाक्य आलं की एक डोळा उघडे. "कोण म्हणतं?" नाव सांगता आलं नाही तर वाक्य जाई. सोनगीरच्या वार्ताहराने एकदा महामार्गावरच्या खड्ड्यांबद्दल संतापाची लाट पाठवली. नानांनी त्याला फोन केला, "भाऊ, त्या लाटेतल्या एका माणसाशी बोलून घ्या, मग छापू."

या प्रश्नाचं मोल कळलं ते दोंडाईचाच्या वाटेवरच्या एका छोट्या गावाच्या बातमीत. तिथल्या नगरपंचायतीपुढे ठराव होता: शाळेसमोरच्या टपऱ्या हलवायच्या आणि गावात सुटी सिगारेट, सुटी बिडी विकायला बंदी घालायची. निवडणूक जवळ आली होती. टपरीवाल्यांचा मोर्चा निघाला. त्याच दिवशी सगळ्या वर्तमानपत्रांकडे सारख्या मजकुराची प्रेसनोट आली: गरिबांच्या पोटावर पाय देणारा ठराव रद्द करा, अशी समस्त टपरीधारकांतून मागणी होत आहे. व्यसनमुक्तीवाल्या एका मंडळाचीही प्रेसनोट होती: तरुण पिढी उद्ध्वस्त झाल्याने पालकांत संताप आहे. नानांनी दोन्ही बाजूला ठेवल्या.

"आणून कोणी दिल्या?"

मंडळाची त्यांच्या सचिवाने दिली होती. टपरीवाल्यांची मात्र सिगारेटच्या जिल्हा वितरकाच्या माणसाने.

"मग टपरीवाल्याचं तोंड अजून बंदच आहे," नाना मला म्हणाले. "जा, विचारून ये. एखादा पालकही बघ."

शाळेच्या फाटकासमोर एका आबांची टपरी होती. सकाळची गर्दी ओसरल्यावर ते बोलले.

"आबा, ठराव रद्द व्हावा असं वाटतं तुम्हाला?"

"माले कोन इचारस भाऊ? शेठना मानूस उना, बोलना मोर्चाले या, नही ते माल बंद. बठ्ठा गयात, मी बी गऊ."

"म्हणजे वितरकाचा माणूस माल बंद करीन म्हणाला, म्हणून सगळे गेले. मग तुम्हाला काय पाहिजे?"

"जागा. शाळापुढे इकाले माले बी बरं नही वाटस. मन्हा नातू तठेच शिकस. बसस्टँडजोडे जागा द्या, आजच उठस."

बाकीच्या टपऱ्यांवरही थोड्याफार फरकाने हेच ऐकायला मिळालं. एक पालक म्हणाल्या, त्यांना संताप वगैरे आलेला नाही. मुलगा फाटकातून बाहेर पडला की समोर सिगारेट दिसू नये, एवढंच. ठरावाला विरोध करणाऱ्या एका नगरसेवकांनी स्वतःच्या नावानिशी सांगितलं, "टपरी एकाची असते, पण तिथे उभं राहून माझ्याबद्दल बोलतात ते पन्नास जण. ते मत देतात. शाळेतली पोरं देत नाहीत." इतकं सरळ उत्तर त्या बातमीत दुसऱ्या कोणी दिलं नाही.

कॉपी वाचून होईपर्यंत नानांनी डोळा उघडला नाही. अक्कांनी एक विशेषण काढलं. तेवढ्यात जाहिरात विभागाचे प्रमुख आले. वितरक शेठ दिवाळी पुरवणीचे मोठे जाहिरातदार होते. शिवाय नाना निवृत्तीनंतर मुदतवाढीवर काम करत होते आणि ती त्याच महिन्यात संपत होती. मुदतवाढ त्यांना हवी होती, हे सगळ्यांना माहीत होतं. "घरी बसलो तर दिवसभर बिड्याच ओढीन," असं ते म्हणत.

"नाना, मोर्चाची बातमी घ्या ना. सगळे तीच घेताहेत. तुमचंही काम व्हायचं आहे वर."

"बातमीत चूक काय आहे?"

"चूक नाही हो."

"मग पान लागू द्या."

बातमी छापून आली. मोर्चा कोणी जमवला हे त्यात होतं, टपरीवाल्यांना काय हवं हेही होतं. पुढच्या सभेत बसस्टँडशेजारची जागा मंजूर झाली आणि शाळेसमोरच्या टपऱ्या हलल्या. सुट्या विक्रीच्या बंदीचं कलम मात्र चर्चेविना वगळण्यात आलं. नाना म्हणाले, "अर्धं झालं. उरलेलं अर्धं कोणाला नको होतं, त्याचं नाव आपल्याकडे नाही. मिळेल तेव्हा छापू."

दिवाळी पुरवणीत शेठची जाहिरात नव्हती. नानांना मुदतवाढ मिळाली नाही. या दोन गोष्टींचा संबंध होता असं कोणी सांगितलेलं नाही. म्हणून तसं इथे लिहिलेलं नाही.

ते जामनेरला, आपल्या घरी परतले. बिडी सुटली, पण उशिरा. भेटायला गेलं की ओसरीवर बसून, दम खात, पेपरातल्या निधनवार्ता वाचून दाखवायचे.

"हा बघ, अल्पशा आजाराने. याला मी ओळखतो, वर्षानुवर्षं खोकत होता. आपण छापतो अल्पशा आजाराने. मग लोकांना वाटतं बिडीने कोणी मरत नाही. बिडी मारते असं लोकांनाच वाटत नाही, तर पुढाऱ्याला कशाला वाटेल?" मग पेपर मिटून म्हणाले, "माझ्या वेळी नीट लिहा."

गेल्या हिवाळ्यात नाना गेले. त्यांच्याच खुर्चीवर आता मी बसतो. कोणतीही प्रेसनोट हातात आली की आधी ती आणून देणाऱ्याकडे पाहण्याची सवय त्यांची आहे. या धंद्यात आजवर निभावलं ते तिच्या जोरावर. जामनेरहून त्यांची निधनवार्ता आली, ‘अल्पशा आजाराने’ अशीच. नानांच्या पत्नीला, काकूंना फोन केला. नानांनी काय सांगून ठेवलं होतं ते त्यांना सांगितलं आणि लिहू का, असं विचारलं.

त्या म्हणाल्या, "लिवा. बिडीनं नेलं त्याह्यले. अन मीच सांगतलं असं लिवा."

‘अनेक वर्षांच्या बिडीमुळे जडलेल्या फुप्फुसाच्या आजाराने त्यांचे निधन झाले, असे त्यांच्या पत्नीने सांगितले.’ एवढं दुरुस्त करून कॉपी नेहमीप्रमाणे अक्कांकडे गेली. शेवटचं वाक्य तसंच राहिलं होतं: परिसरात हळहळ व्यक्त होत आहे.

अक्कांनी ते वाचलं आणि पेन खाली ठेवलं.

"परिसराचं मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "माझं नाव टाका."