गाळ बसेपर्यंतचा अर्धा तास

गेल्या महिन्यात दुपारी बरोबर चार वाजता दत्तारामच्या नंबरवरून फोन आला. मी नेहमीसारखं विचारलं, “लावलंस का रे भांडं?” पलीकडे त्याची मुलगी होती. “सर, मी प्राची. बाबा परवा गेले... अटॅक आला. त्यांच्या फोनमध्ये तुमचं नाव ‘सर चार वाजता’ असं आहे, म्हणून म्हटलं याच वेळेला करावा.” पुढचं मला नीट ऐकूच आलं नाही.

दत्ताराम आमच्या बाळकुमच्या सोसायटीचा सांडपाणी शुद्धीकरणाचा प्लांट चालवायचा. राहायला कोपरला. माझा फ्लॅट पहिल्या मजल्यावर, नेमका तळघरातल्या त्याच्या ब्लोअरच्या, म्हणजे टाकीत हवा सोडणाऱ्या यंत्राच्या, डोक्यावर. बायको गेल्यापासून घरात तेवढाच एक आवाज उरला होता आणि त्याच्याशीच भांडायला मी तरातरा तळघरात उतरलो. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलेला मी, पण त्या दिवशी त्याने माझीच शिकवणी घेतली. “जिवाणू आहेत सर टाकीत. घाण तेच खातात. हवा कमी पडली की गुदमरतात, गाळ काळा पडतो, पाणी गाळणाऱ्या मेम्ब्रेनची बारीक भोकं चोंदतात. आणि लाडाने जास्त दिली ना, तर गाळाच्या गुठळ्या फुटतात, तेपण वाईट. मीटरवर ऑक्सिजन दोनच्या आसपास ठेवायचा, बस.” मग त्याने काचेच्या उंच भांड्यात टाकीतलं तपकिरी पाणी भरलं. अर्ध्या तासात गाळ किती खाली बसतो, त्यावरून तो टाकीची तब्येत ओळखायचा. “मीटर काय, कधीपण खोटं बोलेल. हे भांडं नाय बोलणार.” तो अर्धा तास आम्ही चहा घेतला. पुढे तो रोजचाच झाला.

माझी झोप तेव्हा पार उडाली होती. एकदा मीच म्हणालो, “दुपारी दोन तास तरी याचा आवाज कमी कर ना रे.” त्याने एकदा मीटरकडे पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून आवाज कमी झाला आणि मी कित्येक महिन्यांनी झोपलो... काही आठवड्यांत गाळ काळवंडला, मेम्ब्रेन चोंदले, टाकी तुंबून जिन्यापर्यंत वास आला. कमिटीच्या मीटिंगमध्ये त्याला उभं केलं. “हवा कमी ठेवली. माझी चूक,” एवढंच तो म्हणाला. मी दुसऱ्या रांगेत बसलेला. बसूनच राहिलो. त्याला काढून टाकलं.

पुढे त्याला डोंबिवलीत दुसऱ्या प्लांटवर काम मिळालं. तिथूनही रोज चारला फोन यायचा, “भांडं लावलंय सर, बोला.” आम्ही मुलीच्या परीक्षेपासून माझ्या गुडघ्यापर्यंत सगळं बोलायचो. मीटिंगचा विषय त्याने कधी काढला नाही, आणि मी उद्या काढू म्हणत राहिलो. माझ्या भित्रेपणाची मला लाज वाटते.

परवा प्राची त्याचं भांडं देऊन गेली. खाली ब्लोअर चालूच असतो. आता मला त्याचा त्रास होत नाही. काल चार वाजता मी भांड्यात नळाचं पाणी भरलं, टेबलावर ठेवलं आणि मोठ्याने म्हणालो, “दत्ताराम, चूक माझी होती रे.” घड्याळ पाहिलं. अजून अठ्ठावीस मिनिटं बाकी होती.