डाव्या हातातलं घड्याळ

बाबांचं घड्याळ ऑटोमॅटिक होतं आणि त्याचा त्यांना जरा जास्तच तोरा होता. मस्कतला गेलेल्या त्यांच्या मावसभावाने आणून दिलेलं, स्टीलच्या पट्ट्याचं. त्याला किल्ली द्यायची सोयच नव्हती. मनगट हललं की आतलं वजन फिरायचं, स्प्रिंग आवळली जायची आणि घड्याळ चालायचं. "मी हललो नाही तर हेही हलणार नाही," हे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे. आम्हाला ते वाक्य पाठ झालं होतं.

सकाळी रेडिओवर बातम्यांआधी ठोके पडत, त्यावर ते काटे जुळवायचे. तीस दिवसांचा महिना संपला की तारीख एक घर पुढे सरकवायचे, पण रात्री नाही. रात्री तारखेला हात लावला तर आतले दाते मोडतात, हा घरचा कायदा होता. रविवारी जुन्या टूथब्रशने पट्ट्याच्या कड्या घासायच्या. झोपताना घड्याळ कोनाड्यात. आई कळवणकडची, ती म्हणायची, "घड्याळाची लय बडदास्त हाय. आमची बी ठेवा कधी."

बाबा नाशिकरोडच्या एका सरकारी कचेरीत टायपिस्ट होते. मशीनकडे न बघता दहा बोटांनी टाइप करायचे. कॉलनीतल्या बुद्धविहाराची पत्रकंही त्यांच्याच हातची असत. सत्तरचं दशक संपत आलं होतं आणि मी अकरावीत होते, तेव्हा एका सकाळी शर्टाची बटणं लावताना त्यांचा डावा हात खाली पडला तो पडलाच.

दवाखान्यातून घरी आले तोवर बोलणं सावरलं होतं, पायही थोडाफार सावरला होता. हात नाही. डॉक्टर म्हणाले, व्यायाम करा, बघू. त्या 'बघू'वर आमचं घर उभं होतं. रजा शिल्लक होती तोवर नोकरी होती. एका हाताचा टायपिस्ट कोण ठेवून घेणार?

घरी येताच त्यांनी घड्याळ मागितलं. मी ते हलवून चालू केलं, वेळ लावली आणि नेहमीसारखं त्यांच्या डाव्या मनगटावर चढवलं. दुपारपर्यंत ते बंद पडलं. मी ते काढायला गेले, पण बाबा शांत होते. म्हणाले, "ठीक आहे. आता हेच सांगेल. ज्या दिवशी दिवसभर चालेल, त्या दिवशी हात आला समजायचा."

डॉक्टरपेक्षा घड्याळावर भिस्त ठेवणाऱ्या माणसाला काय म्हणावं! पण खोट त्यांच्यात नव्हती. उजव्या हाताने डावा उचलून व्यायाम करायचे, तेव्हा आधी घड्याळ काढायला लावायचे. लबाडी नको म्हणायचे. मग पुन्हा घालायचं, आणि खाटेवर पडल्या पडल्या काट्याकडे बघत राहायचं. रोज सकाळी मी घड्याळ हलवून चालू करायचे, रोज ते थांबायचं आणि रोज बाबा तोंड भिंतीकडे फिरवायचे.

आणि एक दिवस ते थांबलं नाही. संध्याकाळ झाली तरी चालूच. दुसऱ्या दिवशीही चालू, तिसऱ्याही. बाबांनी दाढी करून घेतली. कचेरीतले एक सहकारी दर रविवारी भेटायला यायचे, त्यांना म्हणाले, "पुढच्या महिन्यात मशीनवर बसतो बघा." बोटं तशीच लुळी दिसत होती, पण मीही विश्वास ठेवला. मला ठेवायचाच होता.

मग एका पहाटे मी पाणी प्यायला उठले तर आई भाकरी थापत होती. मनगटावर बांगड्यांच्या वर बाबांचं घड्याळ. शेंगदाण्याचा कूट कुटून झालेला, शेजारी खलबत्ता. बाबा उठायच्या आत घड्याळ परत कोनाड्यात जायचं. मला बघून ती नुसती म्हणाली, "गप ऱ्हा. तेवढाच त्यांना धीर."

मला तिचा भयंकर राग आला, आणि तिला घट्ट धरावंसंही वाटलं. दोन्हीतलं काहीच केलं नाही.

त्या रविवारी बाबांनी मला पट्टा घासायला सांगितला. खाटेशेजारी पेपर पसरून मी ब्रश मारला आणि कड्यांमधून बाजरीचं पीठ पडलं. चिमूटभरच, पण पेपरावर स्पष्ट दिसत होतं. बाबांनी ते उजव्या हाताच्या बोटांत घेऊन चोळलं. स्वयंपाकघरातून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. ते बराच वेळ तो ऐकत राहिले.

आई ताट घेऊन आली तेव्हा ते म्हणाले, "आजपासून हे माझ्या उजव्या हातात घाल."

"उजव्या? जेवताना भरंल ना ते."

"जेवताना तू काढत जा. पण पहाटेची तुझी ही मेहनत आता पुरे."

ताट खाली ठेवून आई तिथेच बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदाच रडत होती. बाबांनी तिला थांबवलं नाही. रडणं झाल्यावर तिने त्यांच्या उजव्या मनगटावर घड्याळ चढवलं.

संध्याकाळी ते सहकारी आले. हसत म्हणाले, "काय राव, आज घड्याळाने हात बदलला?"

बाबांनी त्यांचा चहा पिऊन होऊ दिला. मग म्हणाले, "साहेबांना सांगा, माझं मशीन आता दुसऱ्या कुणाला तरी द्या. नुसतं पडून राहिलं की जाम होतं ते."