दोष अर्थिंगचा नव्हता

सोल्डरकाकांना सगळे सोल्डरकाकाच म्हणत. चाळीस वर्षं त्यांनी रेडिओ, टेपरेकॉर्डर आणि अँप्लिफायर दुरुस्त केले. दुकान बंद केल्यावर घराच्या मागच्या खोलीत टेबल मांडलं. बायको त्या खोलीला दवाखाना म्हणायची, कारण तिथे दाखल झालेलं काही लवकर घरी जात नसे.

एके दिवशी स्केटिंगच्या बाई तिथे एक जुना पॉवर अँप्लिफायर घेऊन आल्या. बावीस किलोचं ते धूड त्यांच्या भाच्याने गाडीतून उतरवलं आणि कंबर धरून तो ओट्यावर बसला. बाईंनी मोठ्या हॉलमध्ये तीस वर्षं मुलांना चाकांवर पळवलं होतं. आता स्केटिंग बंद झालं होतं आणि त्याच हॉलमध्ये साठी उलटलेल्या बायका सकाळी गाण्यांवर व्यायाम करायच्या. अँप्लिफायरची डावी बाजू गेली होती. जाताना तिने डाव्या स्पीकरची कॉइलही जाळली होती. शिवाय दोन्ही बाजूंना एक घरघर होती, ती फार जुनी.

"चाकं होती तेव्हा पुढे पुढे त्यांच्या गोंगाटात तिची सवय झाली," बाई म्हणाल्या. "आता आम्ही अनवाणी. बायका विचारतात, बाहेर ट्रक उभा आहे का?"

भाच्याचं म्हणणं, हे भंगारात टाकून छोटंसं नवीन घ्यावं. बाईंना ते पटत नव्हतं. हा आवाज त्यांच्या कानात बसला होता. आवाज तोच हवा, घरघर नको आणि स्पीकर पुन्हा जळायला नको, एवढंच त्यांचं मागणं होतं.

काकांनी झाकण उघडलं, ब्लोअरने धूळ उडवली आणि बॅटरीच्या उजेडात आत पाहिलं. दोन मोठे कपॅसिटर डोक्यावर फुगले होते. डाव्या बाजूचा एक आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट होता. यात नवल काही नव्हतं. मग त्यांना पिवळ्या वायरची एक जोडी दिसली, उलटा पीळ घातलेली. प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर लाल नेलपॉलिशचा थेंब होता.

काका डावखुरे. वायरला त्यांचा पीळ नेहमी उलटा पडायचा. आणि स्क्रू सैल होऊ नये म्हणून बहिणीची नेलपॉलिशची बाटली पळवणारा मेकॅनिक त्या काळी त्यांच्याशिवाय दुसरा कोणी नव्हता.

ते स्टुलावर बसले. हळूहळू आठवलं. तेव्हा ते सव्वीस वर्षांचे होते. हॉलच्या मॅनेजरने सेट पाठवला होता, काकांनी कपॅसिटर बदलून दिले होते. पंधरा दिवसांनी घरघरीची तक्रार आली. काकांनी झाकणही न उघडता सांगितलं होतं, सेट ठणठणीत आहे, तुमच्या हॉलचं अर्थिंग तपासा.

चूक समोर दिसत होती. इनपुटची बारीक ग्राउंड वायर त्यांनी कपॅसिटर आणि रेक्टिफायरच्या मधल्या जाड तारेवर टाकली होती, जिथे प्रवाहाचे धक्के सगळ्यात मोठे असतात. तो प्रत्येक धक्का आवाजात मिसळत होता. बोटभर पुढे टाकली असती तर काही झालं नसतं.

त्यांनी आधी काम उरकलं. नवे कपॅसिटर घातले. आउटपुटचे चारही ट्रान्झिस्टर जोडीने निवडून बदलले, खाली अभ्रक आणि पांढरी पेस्ट नव्याने लावली. ती वायर जागेवर आणली. स्पीकरसाठी एक रिलेचं सर्किट वाढवलं, म्हणजे सेट चालू केल्यावर चार सेकंदांनी स्पीकर जोडले जातील आणि आत काही बिघडलं तर आपोआप सुटतील. ट्रान्सफॉर्मर, समोरची पट्टी, बटणं जुनीच ठेवली. सिरीजमध्ये बल्ब लावून वीज दिली. बल्ब क्षणभर पेटला आणि मंदावला, म्हणजे आत शॉर्ट नव्हता. मग सेट अर्धा तास तापू देऊन त्यांनी दोन्ही बाजूंचा करंट जुळवला. घरघर गेली होती.

दुपारच्या चहाला त्यांनी बायकोला सगळं सांगितलं.

"तुम्ही बोलला नाहीत तर बाईंना कळेल का?" तिने विचारलं.

"नाही."

"मग मला कशाला विचारताय? तुमचं ठरलेलं दिसतंय." आणि तिने बशी उचलून नेली.

काका स्वतः हॉलवर गेले आणि सेट जोडून दिला. बटण दाबल्यावर एवढी शांतता होती, की एका बाईने वीज आहे ना, असं विचारलं. मग रिलेचा टिक आवाज आला आणि गाणं सुरू झालं. तासभर व्यायाम चालला. बायका गेल्यावर काकांनी, घरघर आपल्याच हातची होती, हे सांगून टाकलं. अर्थिंगचं बोललो ते न बघताच, हेही सांगितलं.

बाईंनी सेटचं बटण बंद केलं. मग म्हणाल्या, "काका, तुमच्या त्या एका वाक्यावर आम्ही वायरमनला काढून टाकलं."

हॉलचा वायरमन कामाला चोख होता, त्या सांगू लागल्या. अर्थिंगचा खड्डा त्याने तीनदा खणला, कोळसा आणि मीठ भरलं, नवी पट्टी टाकली. घरघर तशीच. दोष सेटमध्येच आहे, असं तो म्हणत राहिला. मॅनेजर म्हणाला, मेकॅनिकला कळतं की तुला? सगळं खापर त्याच्या डोक्यावर फुटलं. "त्याला काढायचं ठरलं त्या बैठकीत मीही मान हलवली होती," बाई म्हणाल्या.

तो वायरमन अजून गावातच होता, बाजाराच्या टोकाला जळालेल्या मोटरी पुन्हा भरून द्यायचं दुकान चालवत होता. काका आणि बाई तसेच निघाले.

वायरमन सत्तरीचा असेल. मांडीवर मोटर घेऊन तो तांब्याची तार गुंडाळत होता. यांना पाहून त्याने एक बोट वर केलं, ओठांतल्या ओठांत मोजत वेटोळं पूर्ण केलं, आकडा खडूने पाटीवर लिहिला आणि मग म्हणाला, "हं, बोला."

काकांनी न अडखळता सांगितलं. वायरमनने ऐकून घेतलं आणि वायर नेमकी कुठे होती ते विचारलं. काकांनी खडू घेऊन पाटीच्या कोपऱ्यात काढून दाखवलं. त्याने त्या रेघेवरून बोट फिरवलं.

"एवढ्याशा वायरीपायी मी तीन खड्डे खणले," तो म्हणाला. काकांनी हात जोडले, तसा तो म्हणाला, "ते राहू द्या. मला माहीतच होतं. माझ्या थोरल्या भावाला सांगा. त्याने शब्द टाकून मला हॉलवर चिकटवलं होतं. अजून चारचौघांत म्हणतो, याला एक अर्थिंग धड जमलं नाही."

दुसऱ्या दिवशी तिघं भावाकडे गेले. भाऊ ऐंशीच्या पुढचा, खुर्चीत बसलेला, कानाने कमी. काकांनी सांगितलं. तो म्हणाला, काय? पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा काकांना आपली चूक शेजारपाजारी ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगावी लागली. वायरमन आत आलाच नव्हता, दारात चपलांकडे बघत उभा होता.

"म्हणजे चूक तुमची," भाऊ म्हणाला.

"माझी."

तो दाराकडे वळला. "मग तू तेव्हा बोलला का नाहीस?"

"बोललो होतो, दादा."

म्हाताऱ्याने डोळे मिटून विचार केला. "बोलला होतास," तो म्हणाला. मग सुनेला हाक मारून त्याने चार कप चहा टाकायला सांगितला, आणि भावाला म्हणाला, "दारात काय उभा आहेस? आत ये."

वायरमनने चपला काढल्या. बाईंनी बाकावर सरकून त्याला जागा करून दिली.  चहा येईपर्यंत भाऊ मधूनच काकांकडे बघून मान हलवत होता, ती रागाने की कसं, ते काकांना शेवटपर्यंत कळलं नाही.